कळकलेली कालवं

मावशीने खडकावरच कालव फोडलं आणि शिंपल्यासकट माझ्या तळहातावर ठेवलं. आतलं मांस हिरवट होतं. तो हिरवा शेवाळाचा नव्हता. देवघरातली तांब्याची पळी बरेच दिवस घासली नाही की तिच्यावर जो हिरवा चढतो, तो. मी नाकाजवळ नेलं. वास समुद्राचाच येत होता.

"खाऊन बग," मावशी म्हणाली.

"नको."

"मंग? तू खायाची नाय, मी इकायची नाय. मंग ही दगडां कशाला ठेवलीन देवान?"

मावशी कोळीवाड्यातली. परळकडून समुद्राच्या दिशेने उतरत गेलं की उंच काचेच्या इमारतींच्या पाठीमागे तिची वस्ती अजून तग धरून आहे. होड्या तिथे पुरुषांच्या, पण ओहोटीला उघडे पडणारे खडक बायकांचे. कुठला खडक कुठल्या घरचा हे सगळ्यांना ठाऊक असतं. मावशीला तिचे खडक सासूकडून मिळाले होते आणि सासूला तिच्या सासूकडून. दुसऱ्या घरांत पाटल्या-बांगड्या जातात तसे त्यांच्या घरात खडक जात आले. तिची सून नोकरी करते, पण हे खडक पुढे तिलाच द्यायचे असं मावशीने ठरवून ठेवलं होतं. हिरवी कालवं निघायला लागल्यावर तिने आपणहून विक्री थांबवली. दादरच्या बाजारातली तिची बसायची जागा शेजारणीने कधी व्यापली, हेही तिने मला सांगितलं, तक्रार न करता. हे तिचं तक्रार न करणं मला जास्त लागलं.

"बाय, मना फकस्त नाव सांग," ती म्हणाली. "कोन करतंय हा? त्याचे दारान जाऊन अशा शिव्या देतंय, का सात पिढ्या लक्षात ठेवतील."

नाव शोधणं हेच माझं काम होतं. समुद्राच्या पाण्यात कुठली रसायनं आहेत आणि ती कुठून आली, हे तपासणाऱ्या एका संस्थेत मी नोकरी करते. नातेवाईक अजून विचारतात, "म्हणजे नक्की काय करतेस गो?" मी सांगते, घाण कोणी केली ते शोधते. त्यावर आमच्या चाळीत हमखास कोणीतरी म्हणतं, मग आधी आपल्या जिन्यात ये.

मावशीची ओळख मात्र नोकरीतली नव्हती. ती काकामुळे झालेली.

काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. वडील लवकर गेले, काकाने लग्न केलं नाही, आणि लालबागच्या चाळीतल्या त्या खोलीत आई, काका आणि मी असे तिघं राहत आलो. काका आधी गिरणीच्या रंगखात्यात होता. गिरणी बंद झाल्यावर परळच्या एका गल्लीत प्लेटिंगचं, म्हणजे पितळेवर दुसऱ्या धातूचा मुलामा चढवायचं काम शिकला आणि पुढे तिथेच स्वतःचा छोटा गाळा थाटला. गणपतीचे मुकुट, कमरपट्टे, त्रिशूळ, देवळांच्या समया असं काहीबाही त्याच्याकडे पितळेचं यायचं आणि सोन्यासारखं होऊन जायचं. लालबाग-परळच्या निम्म्या बाप्पांच्या डोक्यावर माझ्या काकाची कारागिरी आहे, असं मी शाळेत सांगायचे. ते थोडं फुगवून सांगितलेलं असायचं, पण अगदीच खोटं नव्हतं.

काका मूळचा मालवणकडचा, त्यामुळे कालवांच्या बाबतीत त्याला धीर नसे. हिवाळ्यातल्या रविवारी कालवांचं सुकं हवंच. त्यासाठी मी दादरच्या बाजारात जायचे ती मावशीकडे. ती हातावर वाटा ठेवताना दोन कालवं जास्त टाकायची आणि "तुझे काकाला सांग, लिंबू नको पिळू, चव मरते" असं बजावायची. दोघांनी एकमेकांना या नात्याने कधी पाहिलं नव्हतं.

एका रविवारी काकाने पहिला घास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ही कालवां कळकली गो. पितळेच्या टोपात ठेवलेलंय काय?"

"घरात पितळेचा टोप उरलाय कुठे?" आई म्हणाली. "सगळे तूच चकचकीत करून कपाटावर मांडलेस."

आम्ही हसलो. पण कळकणं म्हणजे काय हे मला पुस्तकातूनही माहीत होतं आणि जिभेवरूनही. कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी ठेवली की तांबं तिच्यात उतरतं. आमची कालवं तर स्टीलच्या पातेल्यात शिजली होती. मी उरलेली चार कच्ची कालवं डब्यात घालून दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नेली. त्यांत तांबं भरपूर होतं, आणि सोबत निकल. म्हणजे सगळा शोध सुरू झाला तो काकाच्या जिभेवरून. त्या वेळी मला या गोष्टीचं कौतुकच वाटलं होतं.

आमच्या साहेबांचं उत्तर आधीच ठरलेलं होतं. विसर्जन. मूर्तींचे रंग समुद्रात उतरतात, त्यावर दरवर्षी लिहिलं जातं, बोललं जातं, विसर्जनानंतर पाण्याच्या बाटल्या भरायला आमची सगळी माणसं किनाऱ्यावर असतात. मी लालबागची. बाप्पावर कोणी बोट ठेवलं की आम्हाला नाकाला मिरच्या झोंबतात, विज्ञान शिकलो असलो तरी. पण खापर गणपतीवर फोडावं तर पुरावा बसेना. रंगातून आलं असतं तर शिसं वगैरे इतर गोष्टीही सापडायला हव्या होत्या. इथे तांबं आणि निकल हातात हात घालून फिरत होती आणि तिसरं कोणी त्यांच्यासोबत नव्हतं. शिवाय मावशीच्या खडकांजवळ विसर्जन होतच नाही. तिथे समुद्राला मिळतो तो शहराच्या पोटातून येणारा पावसाळी नाला.

मग मी नाल्याच्या तोंडापासून उलटं चालायला सुरुवात केली. पद्धत सोपी आहे, फक्त लाज सोडावी लागते. पाणी खोटं बोलतं, कारण ते घटकाभरात निघून जातं. गाळ मागे राहतो. दोन गटारं जिथे मिळतात तिथलं झाकण उघडायचं, दोन्हीकडचा गाळ वेगवेगळ्या बरणीत घ्यायचा, ज्यात धातू सापडेल त्या फाट्याने वर जायचं. पुढच्या जोडावर पुन्हा तेच. भर रस्त्यात गटारात वाकलेली बाई बघून लोक थांबायचे. "अंगठी पडली काय मॅडम?" असं एकाने विचारलं, आणि मी नाही म्हटल्यावर त्याचा विश्वास बसला नाही. तो बराच वेळ बाजूला उभा राहून गटारात डोकावत होता.

गिरण्यांच्या जागी आलेल्या इमारतींखालून, पुलाच्या बाजूने, बाजाराच्या मागून माग निघत गेला. आणि परळच्या गल्ल्यांपाशी येऊन विरला. पावसाने वरचा गाळ धुऊन खाली नेला होता. कुठल्याच फाट्यात ठळक काही सापडेना. त्या गल्ल्यांत प्लेटिंगचे गाळे आहेत हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? माहीत होतं. पण हे गाळे फडक्याएवढे, तिथली माणसं एकेक मुकुट हातात घेऊन पुसणारी. एवढ्याशा कामातून समुद्रातली कालवं हिरवी होतील हे गणित मला जमत नव्हतं. जमवायचं नव्हतं असंही असेल. मी मोठा कारखाना शोधत होते, उंच भिंतीचा, ज्याच्या मालकाला मावशी खुशाल शिव्या देऊ शकेल.

तेवढ्यात नवरात्र आलं. साहेब म्हणाले, "आता दसऱ्यानंतर बघू." आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते. धातू मोजणाऱ्या परदेशी यंत्रालाही हळद-कुंकू लागतं, झेंडूचा हार पडतो, आणि मग दसरा होईपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. नमुने गोळा करणंही बंद. वर्षानुवर्षं ही रीत आहे आणि तिच्यात काही खटकण्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं. ऑफिसातली पूजा उरकून पेढा खाल्ला आणि मी नेहमीप्रमाणे काकाच्या गाळ्यावर गेले.

खंडेनवमीला काकाचा गाळा बघावा. वर्षभर जिथे ओळखीचा माणूस काळोखात ओळखू येत नाही, तिथे त्या दिवशी भिंतींना चुना लागलेला, बफच्या, म्हणजे झळाळी आणणाऱ्या चाकाच्या मोटरीला कुंकू, वायरींवरसुद्धा झेंडू. टाक्या रिकाम्या करून आतून बाहेरून घासलेल्या. काकाचं एक तत्त्व आहे, देवीसमोर अवजार मळकं ठेवायचं नाही. मुलाम्याचं तांबं-निकल विरघळवलेल्या टाक्यांतल्या पाण्यात तो वर्षभर थोडी थोडी भर घालत काम चालवतो. मेहनतीने सांभाळतो, कारण ते पाणी म्हणजेच त्याचं भांडवल. पण वर्षाअखेर ते मरतं, चकाकी देईनासं होतं. मग खंडेनवमीला सगळं मेलेलं पाणी तळच्या चिखलासकट काढायचं, टाक्या धुवायच्या, आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर नवं भरायचं.

मी पोचले तेव्हा तो शेवटची टाकी मोरीत कलती करत होता. निळं-हिरवं पाणी, इतकं सुंदर की त्या रंगाची साडी घ्यावीशी वाटावी. मी दारातच थांबले, कारण तसंच पाणी शेजारच्या गाळ्याच्या शटरखालूनही येत होतं. समोरच्याही. अख्खी गल्ली टाक्या धूत होती. सगळीकडे आरत्या चालल्या होत्या, माणसं एकमेकांना प्रसाद देत होती आणि कडेच्या गटारातून निळा, हिरवा, पिवळा असा ओघ झेंडूच्या पाकळ्या घेऊन चालला होता. मी लहानपणापासून दरवर्षी हे पाहिलं होतं. वर्षभराचं एका दिवशी, सगळ्यांचं एकदम. आणि नेमक्या त्याच दिवशी आम्ही आमच्या यंत्राला हार घालून घरी जात होतो.

मी पर्समधली बाटली काढली. ती माझ्याकडे कायम असते.

"आज पन बाटली?" काका हसला. "देवीच्या दिसाक तरी सुट्टी घे."

"काका, हे पाणी कुठे जातं?"

"खंय जाता म्हंजे? गटारात."

"आणि गटार?"

हातातली टाकी त्याने खाली ठेवली. मी त्याला सांगितलं. कालवं, तांबं, निकल, नाला, सगळं. बाजूला पूजेची उदबत्ती जळत होती आणि मी त्याला हे सांगत होते. माझ्यावरच चिडले होते मी. दोन दिवस थांबता आलं नसतं का?

"ह्या पाणी खंय जाता ता माका कधी कोणी इचारूकच नाय," काका हळू आवाजात म्हणाला. "गिरणीतसुद्धा असाच होता. लाल कापड काढला की नालो लाल, निळा काढला की निळो. आमी वरसून बघू आनि सांगू, आज खंयचो माल चल्लोहा." मग तो म्हणाला, "मग ती कालवां कळकली ती..."

त्या दिवशी गटारातून बाटलीत भरून नेलेल्या पाण्यात तेच तांबं आणि निकल निघालं, सगळं जुळलं. अहवालात मी ती गल्ली लिहिली, तिथले गाळे लिहिले. साहेब भले गृहस्थ. ते म्हणाले, "एक गाळा कमी दाखवलात तर शास्त्राचं काही बिघडत नाही." मला त्यांचा भयंकर राग आला, कारण तेच वाक्य मी मनात कितीदा तरी म्हणून पाहिलं होतं. मी काकाला विचारलं. तो म्हणाला, "माझोय लिही. नायतर गल्लीत काय तोंड दाखवू?" मी लिहिला.

काही महिन्यांनी गाळ्यांना सील लागलं. काहींनी टाक्या टेम्पोत घातल्या आणि खाडीपलीकडे जागा घेतली. तिथेही मोरी असणार, आणि मोरीपुढे कुठली तरी खाडी, आणि खाडीत कुणाचे तरी खडक. काका गेला नाही. म्हणाला, आता नवी गल्ली नको. या सगळ्या गाळ्यांचं पाणी एकत्र गोळा करून स्वच्छ करायची सोय शहरातच हवी, असं मी अहवालाच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं. शेवटचं पान कोणी वाचलं नाही. बंद करा हे सगळ्यांना कळलं, कारण ते सोपं होतं. घाण कोणी केली हे शोधण्यात मी इतकी गुंतले होते, की मग त्या माणसाने करायचं तरी काय, हा प्रश्न मी शेवटच्या पानावर ढकलला, याचं मला आजही वाईट वाटतं.

मावशीला मात्र नाव द्यायचं होतं. मी कोळीवाड्यात गेले तेव्हा ती दारात जाळं सांधत बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. परळची गल्ली, प्लेटिंगचे गाळे, त्यातला एक माझ्या काकाचा.

"परेलला?" तिचे हात थांबले. "तो मुकुटवाला? कानावर पांढरे केस हायेत, तो?"

"तू ओळखतेस?"

"आमचे गावदेवीचा मुकुट नवरात्राआधी त्याकडंच जातंय. मीच नेतंय. तो आईचे मुकुटाची मजुरी घेत नाय कदी. म्हनतो, आईचं काम हाय." ती माझ्याकडे बघत राहिली. "तो तुझा काका?"

मी मान हलवली. मी इकडची कालवं तिकडे नेत होते, ती इकडचा मुकुट तिकडे नेत होती, आणि आम्हाला एकमेकांचा पत्ता नव्हता. मावशीने जाळं पुन्हा मांडीवर ओढलं.

"आता शिव्या कोनाला देऊ?" ती म्हणाली.

मला वाटलं होतं ती चिडेल. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं की खडक कधी साफ होतील. मी सांगितलं की गाळात बसलेलं तांबं लवकर जात नाही. किती वर्षं, हे तिने विचारलं आणि मला सांगता आलं नाही. "सुनेच्या टायमाला?" तिने विचारलं. "कदाचित," मी म्हणाले. तिने उठून चहा टाकला आणि मला पाजला.

पुढच्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर मावशी आमच्या चाळीत आली. काखेत लाल कापडात गुंडाळलेला मुकुट आणि हातात स्टीलचा डबा. काका खाटेवर बसून रेडिओ ऐकत होता. तिला बघून तो उठला, मग गाळा नाही हे आठवून पुन्हा बसला.

"टाकी नाय माज्याकडे आता, मावशी," तो म्हणाला.

"टाकी नको. घासून दे. चिंच लावून दे. पन तुज्याच हातान दे." मग तिने डबा उघडून त्याच्यापुढे धरला. "आनि ही बग."

डब्यात सकाळचं ताजं कालव होतं, उघडलेलं. ती ते भांडायला घेऊन आली नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. त्याने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावं एवढंच तिला हवं होतं. काकाने डबा खिडकीकडे नेला. आयुष्यभर त्याने उजेडात धातूचा रंग पारखला होता.

"ह्यो माझोच रंग," तो म्हणाला.

आईने चिंच भिजत घातली. काका मोरीत पाट टाकून बसला आणि मुकुटाच्या पाकळ्या-पाकळ्यांतून बोटं फिरवत घासत राहिला. खाली परात ठेवलेली. मुकुटावरची वर्षभराची काजळी उतरत गेली, पितळ पिवळं होत गेलं, झळाळी नव्हती पण स्वच्छ होतं. मावशीने तो कापडात घेतला, कपाळाला लावला.

काका परात उचलून उभा राहिला. तळाशी चिंचेचा कोळ आणि वर हिरवट पाणी होतं. सवयीने तो मोरीच्या तोंडाकडे वाकला आणि तसाच थांबला. परात दोन्ही हातांत धरून तो माझ्याकडे वळला.

"ह्या पाणी आता खंय ओतू गो?"

तो खरंच विचारत होता. मावशीही माझ्या उत्तरासाठी थांबली होती, मुकुट छातीशी धरून. मी त्याच्या हातातून परात घेतली आणि खोलीत इकडेतिकडे बघत उभी राहिले.